आगीभोवतीच्या इवल्या भिंती

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायला गाडीला दोन-सव्वादोन तास लागतात. चार सिलिंडरची साधी पेट्रोल गाडी घ्या. इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. हिशेब केला तर मिनिटाला ४,००० वेळा आग लागते आणि विझते. दोन तासांत ४ लाख ८० हजार वेळा! हे सगळं आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर, एका पत्र्यापलीकडे चालू असतं. आणि आत आपण एसी लावून, गाणी ऐकत, मागच्या सीटवरच्या पोरांची भांडणं सोडवत बसलेलो असतो.

गाडी पेटल्याची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, आग आली कुठून? आग तर कारखान्यातून गाडीसोबतच आलेली असते. नवल याचं, की रोज लाखो वेळा लागूनही ती जिथे हवी तिथेच राहते. तिला तिथे अडवून धरणाऱ्या भिंती असतात: रबराचं वॉशर, वायरवरचं प्लास्टिकचं आवरण, सायलेन्सरच्या नळीवरची पत्र्याची ढाल, बॅटरीतला केसाहून पातळ पडदा. गाडीतल्या दोषामुळे लागलेल्या आगीच्या मुळाशी गेलं की अशीच एखादी पडलेली भिंत हाती लागते. बहुतेक वेळा ती इतकी लहान असते, की एवढ्याशा वस्तूने एवढी गाडी नेली यावर विश्वास बसत नाही.

पेट्रोलमध्ये बुडालेली मोटार

आजच्या पेट्रोल गाडीत इंधनाचा पंप कुठे असतो, माहीत आहे? टाकीच्या आत. विजेवर फिरणारी, वायरी जोडलेली एक छोटी मोटार पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेली असते आणि गाडी चालू असेपर्यंत ती तिथे फिरत राहते. पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटा येतो. पण तिथे आग लागत नाही, आणि त्याचं कारण मोठं सुरेख आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असली तर जळायला काही नाही, जास्त असली तर जाळायला प्राणवायू नाही. टाकीच्या आतली वाफ इतकी दाट असते की ठिणगीला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. उलट भोवतीचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं.

धोका सुरू होतो तो टाकीच्या बाहेर. पेट्रोलचा थेंब बाहेर आला, त्याची वाफ मोकळ्या हवेत पसरली, की वाटेत कुठेतरी ती नेमकं पेटण्याजोगं प्रमाण गाठणारच. त्यासाठी ऊन लागत नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही ठिणगीने पेटू शकते. म्हणजे नांदेडच्या मे महिन्यातले ४३ अंश काय आणि डिसेंबरातली थंडी काय, पेट्रोलला दोन्ही सारखेच. उन्हाळ्यात गाडी पेटली की आपण सूर्याला दोष देतो. खरं तर उन्हाने गाडी पेटत नाही, उन्हाने तिचे रबरी पाइप लवकर म्हातारे होतात. ते कडक होतात, त्यांना भेगा पडतात आणि क्लिपपाशी झिरपू लागतात.

फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने ए-स्टार या मॉडेलच्या सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. दोष होता इंधनपंपाच्या गॅस्केटमध्ये. पंप टाकीत जिथून बसवतात त्या तोंडाची फट बुजवणारी ती चकती होती आणि तिथून इंधन झिरपण्याची शक्यता होती. लाखभर गाड्या परत बोलावण्याचं कारण हाताच्या पंजात मावेल एवढं. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच कंपनीने १,०३,३११ स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा तपासणीसाठी बोलावल्या. तेव्हा शंका होती इंधन भरण्याच्या नळीची. पंपाचा नोझल आपोआप बंद झाल्यावरही आणखी इंधन भरलं तर वास येण्याची, क्वचित गळण्याची शक्यता होती. ‘टाक अजून, बसतंय’ असं पंपावर म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नोझल बंद होतो तो वाफेला फुगायला जागा ठेवूनच.

डिझेलवाल्यांना वाटतं, आपल्याला ही भीती नाही. अर्धं खरं आहे. सांडलेल्या डिझेलवर काडी टाकली तर पेट्रोलसारखा भडका उडत नाही. पण ठिणगीविना, नुसत्या उष्णतेने पेट घ्यायची वेळ आली तर डिझेल पुढे असतं. ते साधारण २१० अंशांना आपोआप पेटू शकतं, पेट्रोलला त्याहून जास्त लागतं. डिझेल इंजिनाचं सगळं काम याच गुणावर चालतं, त्यात स्पार्क प्लग नसतोच. म्हणून बोनेटखाली तडकलेल्या पाइपातून डिझेलचा फवारा लालबुंद टर्बोवर पडला, तर काडीची वाट कोणी बघत नाही.

या गोष्टीतला सगळ्यात गाजलेला धडा अमेरिकेतला आहे. फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीची टाकी मागच्या आसाच्याही मागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे ढकलली जाई आणि आसावरच्या बोल्टांनी तिला भोकं पडत. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अशा आगीत गाडी चालवणारी बाई गेली आणि सोबतचा १३ वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. १९७८ मध्ये ज्यूरीने कंपनीला १२.५ कोटी डॉलरचा दंडात्मक भुर्दंड सुनावला, न्यायाधीशांनी तो नंतर ३५ लाखांवर आणला. त्याच वर्षी १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्ती काय होती? टाकी आणि ते बोल्ट यांच्यामध्ये प्लास्टिकची एक ढाल, आणि इंधन भरायची थोडी लांब नळी.

त्याच काळात कंपनीने सरकारी यंत्रणेला दिलेला एक हिशेब पुढे जगभर कुप्रसिद्ध झाला. गाडी उलटल्यावर होणारी इंधनगळती थांबवायला गाडीमागे ११ डॉलर, आणि समोरच्या रकान्यात एका मृत्यूची किंमत २ लाख डॉलर. तो कागद पिंटोच्या मागच्या धडकेबद्दल नव्हता, एकूणच गाड्या उलटण्याबद्दल होता, आणि माणसाच्या जिवाचा तो आकडाही मूळचा सरकारी यंत्रणेचाच होता. तरीही वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळलं: भिंत किती जाड ठेवायची हे कुणीतरी कागदावर आकडेमोड करून ठरवत असतं.

फ्यूजला न दिसणारी आग

आता विजेकडे येऊ. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, दोन्ही टोकांना हात लावला तरी झटका बसत नाही. मग तिला भ्यायचं कशाला? कारण झटका व्होल्टेज देतं आणि आग लावतो तो करंट. हीच बॅटरी स्टार्टर फिरवताना शेकडो अँपिअर ओतते. शिवाय गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला वायर जाते ती एकच, परतीची वाट म्हणजे गाडीचं अंग. किती काटकसरीची युक्ती! पण त्यामुळे पॉझिटिव्ह वायरीचं आवरण कुठेही घासून गेलं, उंदराने कुरतडलं, दाराच्या बिजागरीत चेमटलं, तर तिथेच शॉर्टसर्किट.

त्यावर पहारा फ्यूजचा. करंट मर्यादेबाहेर गेला की आतली पट्टी वितळते आणि वाट तुटते. फ्यूज स्वतः जळून गाडी वाचवतो. मात्र एक बिघाड त्याला दिसतच नाही, आणि तो म्हणजे मेकॅनिकच्या तोंडी सदा असणारा ‘लूज कॉन्टॅक्ट’. समजा एखादा जोड सैल झाला, गंजला आणि तिथे ०.२ ओहम एवढा क्षुल्लक अडथळा तयार झाला. त्यातून १० अँपिअर गेले, तर उष्णता निघते करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे १०० गुणिले ०.२, म्हणजे २० वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या कपलरच्या आत, जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न तापत बसलेलं असतं. आणि करंट तर वाढलेला नसतोच, अडथळ्यामुळे उलट किंचित घटलेला असतो. फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं!

करंटच्या त्या वर्गातच आपल्याकडच्या हौसेचंही उत्तर आहे. कंपनीने हेडलाइटला ५५ वॅटचा बल्ब दिला, त्याला लागेल एवढीच जाड वायर दिली. आपण अंधाऱ्या रस्त्याला कंटाळून १०० वॅटचा बसवला. करंट वाढला पावणेदोन पटीहून थोडा जास्त, पण वायरीतली उष्णता वाढली ३.३ पट. मग फ्यूज उडायला लागतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘डायरेक्ट करून टाकू’, आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा बसतो. या क्षणापासून गाडीत जळून वाट तोडणारं काही उरत नाही. वायर हाच फ्यूज होतो, आणि वायर जळते ती गालिच्याखाली, सीटखाली, डॅशबोर्डमागे. नवीन गाडीला हॉर्न, फॉग लॅम्प, मोठा साउंड बसवायचाच असेल तर रिले आणि वेगळा फ्यूज मागा. मूळ हार्नेस कापून जोड मारू देऊ नका. पुढे कंपनीशी भांडायची वेळ आली तर पहिलं बोट त्या जोडाकडेच दाखवलं जातं.

पण दोष प्रत्येक वेळी हौशी मालकाचाच नसतो. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत होंडाच्या जॅझ गाडीला आग लागून दोन वर्षांचं बाळ दगावलं. तपासात संशय आला तो ड्रायव्हरच्या दारावरच्या काच वर-खाली करायच्या बटणांवर. उघड्या काचेतून पाऊस किंवा सांडलेलं पाणी त्या बटणांच्या पेटीत शिरे आणि तिथे शॉर्टसर्किट होऊ शके. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने जगभरातून सुमारे ६ लाख ४६ हजार गाड्या बोलावल्या. त्यात भारतातल्या २००७ सालच्या ८,५३२ होंडा सिटी होत्या. आपण त्या बटणावर दिवसातून कितीदा बोट ठेवतो! पावसाळ्यात काच खाली करून कुणाला रस्ता विचारतो, तेव्हा चार थेंब त्यावर पडतातच. त्या थेंबांना तांब्याच्या पट्टीपर्यंत पोहोचू न देणं एवढंच त्या भिंतीचं काम होतं.

उभी, बंद, कुलूप लावलेली गाडी रात्री पेटते तेव्हा घातपाताचा संशय येणं स्वाभाविक आहे. पण गाडीचे काही भाग किल्ली काढल्यावरही बॅटरीला जोडलेले असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्यांच्या मालकांना सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावा. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या पेटीत आतल्या आत ब्रेक ऑइल झिरपून शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. त्यावरचा इलाज पाहा: फ्यूज बदलला. काही रुपयांची वस्तू, लाखो घरांसमोरच्या गाड्यांसाठी.

महाराष्ट्राच्या आठवणीतलं उदाहरण टाटांच्या नॅनोचं. जुलै २००९ पासून लोकांच्या हाती आलेल्या या गाडीत पहिल्याच वर्षी धूर येण्याच्या तक्रारी झाल्या, आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचकडे बोट दाखवलं गेलं. मग मार्च २०१० मध्ये मुंबईत, शोरूममधून घरी नेली जाणारी कोरी गाडी वाटेतच पेटली. इंजिन मागच्या बाजूला, त्यामुळे पुढे बघणाऱ्या माणसांना ते दिसण्याची सोय नव्हती. सुदैवाने सगळे वेळेत बाहेर पडले. नोव्हेंबर २०१० मध्ये टाटा मोटर्सने विकलेल्या गाड्यांना एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेवर जादा संरक्षण फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. हे ‘रिकॉल’ नाही, असं कंपनी म्हणत राहिली. नाव काहीही द्या, काम तेच होतं: भिंत जाड करणं.

सायलेन्सरच्या नळीवर तर आपल्या भागात वेगळीच वेळ येते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीखाली ४०० ते ८०० अंशांपर्यंत तापतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळी जाळून टाकायला फिल्टर ६०० अंशांच्या घरात जातो. वाळलेलं गवत-काड ३०० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतं. सुगीत रस्त्यावर मळणीला पसरलेलं काड गाडीखाली गुंडाळलं गेलं, किंवा बांधालगत वाळक्या गवतावर गाडी उभी केली, तर दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटतात. गाडीसोबतच्या पुस्तिकेत वाळक्या गवतावर गाडी लावू नका अशी सूचना असते. काड अडकल्याचा आवाज आला तर गाडी लगेच थांबवून, इंजिन बंद करून ते काढायला हवं.

केसाहून पातळ पडदा

विजेच्या गाड्यांत पेट्रोल नाही, मग आग कसली? लिथियम बॅटरीच्या सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड एकमेकांना खेटून गुंडाळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे तीन पडदे मावतील. तो कुठे फाटला, दुमडला, की आतच शॉर्टसर्किट होतं, सेल तापतो, त्यातली रसायनं फुटून आणखी उष्णता आणि पेटणारे वायू सोडतात, शेजारचा सेल तापतो आणि साखळी सुरू होते. बाहेरून चार्जर काढला तरी ती थांबत नाही.

२०२१ मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले बोल्टच्या तोवर बनवलेल्या सगळ्या, जवळपास १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या. एकाच सेलमध्ये दोन दुर्मीळ चुका जमून आल्या की आग लागत होती: इलेक्ट्रोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला पडदा. एकेक चूक निभावून जात होती, दोन्ही मिळून घात करत होत्या.

आपल्याकडे ही साखळी २०२२ मध्ये दिसली. २६ मार्चला पुण्यात लोहगावला ओलाची एक स्कूटर रस्त्याच्या कडेला पेटली, कंपनीने पुढच्या महिन्यात १,४४१ स्कूटर परत घेतल्या. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरवर चढवलेल्या २० विजेच्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून सात वर्षांचा मुलगा भाजला आणि वाचू शकला नाही. त्याच वर्षी केंद्राने बॅटऱ्यांच्या सुरक्षेचं ‘एआयएस १५६’ हे मानक कडक केलं आणि नवे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल पेटला तरी आग लगेच सगळ्या पेटीत पसरू नये, ही त्यामागची मुख्य चिंता. घरासाठी एवढं पुरे: बॅटरी रात्रभर झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत चार्ज करू नये, तिचाच चार्जर वापरावा, आणि आपटलेली वा भिजलेली बॅटरी तपासल्याशिवाय लावू नये.

जळालेल्या माणसाची तहान

गाडीच्या आगीत आधी मारतो तो बहुधा धूर. सीटमधला फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू सुटतो, आणि काही श्वासांत माणसाची शुद्ध हरपू शकते. सीटचं कापड किती वेगाने जळावं यावर अमेरिकेने १९७२ मध्ये मर्यादा घातली, मिनिटाला साधारण चार इंच. पण तो नियम सीटवर पडलेल्या सिगारेटसारख्या लहान आगीचा विचार करून केलेला आहे, इंधनाच्या भडक्यासमोर त्याचं काही चालत नाही. म्हणून जळका वास आला की गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर, आणि बोनेट उघडायचं नाही, कारण उघडलं की आतल्या आगीला हवा मिळते. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावलं असेल तर पोरांना आतून दार उघडता येत नाही, ते बाहेरूनच उघडावं लागतं. बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारली तर फुटते, पुढची काच सहजी फुटत नाही.

नांदेड-लातूरची पोरं पुण्याला जातात ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. त्यांच्या आईबापांना १ जुलै २०२३ ची रात्र विसरता येणार नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली, २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे दार जमिनीला टेकलं. वाचले ते काच फोडून निघालेले. बसमध्ये चढल्यावर आपल्या बर्थपासून संकटकालीन खिडकी किती अंतरावर आहे आणि हातोडी जागेवर आहे का, हे बघायला अर्धं मिनिट लागतं.

बाहेर पडल्यावरची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मोठ्या भाजण्यात पहिल्या दिवशी जीव जातो तो शरीरातलं पाणी हरवल्याने. जळालेल्या भागात केशवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातलं पाणी आसपासच्या ऊतींमध्ये पाझरत राहतं. डॉक्टरांचं सूत्र आहे: ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेल्या त्वचेची टक्केवारी. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर २४ तासांत ७,२०० मिलिलिटर, म्हणजे सात लिटरांहून जास्त सलाइन, आणि त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे. म्हणूनच अहमदपूर-चाकूरच्या पट्ट्यात कुणी भाजलं, तर १०८ ला फोन करून नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था गाठण्यात घालवलेलं प्रत्येक मिनिट या हिशेबात धरलं जातं. तोवर भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही नको. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. आणि नाकातले केस जळाले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर माणूस चालत-बोलत असला तरी त्याला आधी हलवा. श्वासनलिका आतून सुजत असते आणि थोड्या वेळाने ती बंद होऊ शकते.

राख बोलते, तिला बोलू दिलं तर

आग विझली की गाडी ओढून नेतात, पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं जातं आणि विषय संपतो. १९ मार्च २०२५ ला पुण्यात हिंजवडीला कामगारांची मिनीबस पेटून चौघांचा जीव गेला, तेव्हाही आधी शॉर्टसर्किटच म्हटलं गेलं. तपासानंतर पोलिसांनी सांगितलं की चालकानेच रसायन वापरून आग लावली होती. घाईने लिहिलेलं कारण दोन्ही बाजूंनी चुकू शकतं. कधी गुन्हा झाकतं, कधी कंपनीचा दोष.

जळालेली गाडी बरंच काही सांगते. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. वायरीच्या टोकाला तांब्याचा गोल मणी दिसला आणि शेजारची वायर मात्र शाबूत असली, तर तिथे विजेची ठिणगी पडली असावी असा तज्ज्ञ अंदाज बांधतात. मग ती आगीआधीची की आगीमुळे आवरण जळल्यानंतरची, हे जागेवरून आणि इतर खुणांवरून ठरवतात. फ्यूज बॉक्समध्ये कोणता फ्यूज उडाला, कुठे तार जोडलेली आहे, पत्रा सगळ्यात पांढरा कुठे पडला आहे, या सगळ्यांतून आगीचा प्रवास उलटा वाचता येतो. नांदेडलाच राज्याची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. म्हणून गाडी भंगारात देण्याआधी चारही बाजूंचे, बोनेटखालचे, फ्यूज बॉक्सचे फोटो काढा, सर्व्हिसची बिलं जपा, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की त्याच्या अहवालाची प्रत मागा.

कायदा आता पूर्वीएवढा दुबळा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी उत्पादकाला जबाबदार धरणारं अख्खं प्रकरण आहे. चूक कारखान्यात झाली, आराखड्यात होती किंवा धोक्याची सूचनाच दिली नाही, तिन्ही गोष्टी त्यात बसतात. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर दावा आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात लावता येतो, दोन वर्षांच्या आत. आणि मोटार वाहन कायद्याच्या ११०-अ कलमाखाली, १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार, सात वर्षांच्या आतल्या सदोष गाड्या परत बोलवायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं. न मानल्यास दंड १ कोटीपर्यंत. आपल्या गाडीवर असं काही निघालं आहे का, हे आरसी बुकातला चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून कळतं. निघालं असेल तर दुरुस्तीला पैसा लागत नाही.

या नियमांची एक खुबी मात्र नीट समजून घ्यायला हवी. सक्तीने गाड्या परत बोलावण्याचा विचार होतो तो विकलेल्या गाड्यांच्या मानाने किती तक्रारी नोंदल्या गेल्या यावर. ज्या मालकाने ‘जाऊ द्या, विमा मिळाला’ म्हणून विषय सोडला, त्याची गाडी त्या मोजणीत येतच नाही. ‘वाहन’च्या सरकारी पोर्टलवर नोंदलेली लातूरच्या एमएच २४ ची एक तक्रार मुंबई-दिल्लीतल्या एका तक्रारीइतकीच मोजली जाते. नांदेडच्या एमएच २६ ची दुसरी, कुठल्या तिसऱ्या गावची तिसरी, आणि एके दिवशी कुणा अभियंत्याच्या टेबलावर त्या सगळ्या एकाच वॉशरकडे, एकाच स्विचकडे बोट दाखवू लागतात. तो भाग बदलला जातो, आणि ज्यांना ही गोष्ट कधी कळणारही नाही अशा हजारो लोकांच्या गाडीतली आग जिथे हवी तिथेच राहते. जळालेल्या गाडीतून निघालेली सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि ती मिळवायला तक्रार नोंदवावी लागते.